पोरांच्या घरासाठी फणस कापून घेतला त्या मिलबद्दल

दापोलीकडच्या एका लाकडाच्या मिलबद्दल लिहितेय. मिलला बोर्ड नाही, उतारावरची मिल म्हटलं की रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो. परसात पोरांसाठी खेळायचं घर बांधायचं होतं, त्यासाठी आम्ही तिथे दोनदा गेलो आणि दोन्ही वेळचा अनुभव असा की एकाच मिलमध्ये गेलो होतो का असा प्रश्न पडावा. साडेतीन स्टार देतेय, ते पण आतल्या म्हाताऱ्या आबांमुळे.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं त्यात आमचा परसातला फणस मुळासकट आडवा झाला. झाडाला फणस लगडलेले तसेच. लाइट नाही, नेटवर्क नाही, आणि सगळी आळी आठवडाभर आमच्याकडे फणस न्यायला. खोड नंतर पडूनच राहिलं. लोक म्हणाले जळणाला द्या, तर सासरे (आम्ही त्यांना आप्पा म्हणतो) भडकले, फणस काय जळणाला देतात काय, वाळवी लागत नाही सहज, चौकटी करतात त्याच्या. मग दिवाळी झाल्यावर ट्रॅक्टरवर टाकून मिलला नेलं.

पहिली गोष्ट, कागद घेऊन जा. झाड घरचं असलं तरी विचारतात आणि ते बरोबरच आहे, आमच्याकडे वादळाच्या पंचनाम्याची झेरॉक्स होती म्हणून खेप वाचली. दुसरी गोष्ट, माप समोर घ्यायला लावा. घेर 5 फूट, लांबी 8 फूट. घेराचा चौथा भाग सव्वा फूट, सव्वा गुणिले सव्वा गुणिले 8, साडेबारा घनफूट. कटाई घनफुटावर लावतात त्यामुळे हा हिशोब आपल्याला यायलाच पाहिजे. मी मोबाईलवर करून दाखवला तर मालक माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हणतो, वहिनी शिकलेल्या दिसतायत. पूर्ण वेळ हेच, प्रश्न मी विचारायचा आणि उत्तर नवऱ्याला! नवऱ्याला सूत म्हणजे काय ते पण माहीत नाही हो. (इंचाचे आठ सूत, मिलमध्ये सगळं सुतावर चालतं.)

खोड पट्ट्यावर (मशीनच्या दातेरी करवतीवर) चढवलं, दोन फळ्या निघाल्या, ताजा फणस आतून इतका पिवळा असतो की पोरांना वाटलं रंग लावलाय. तिसऱ्या फळीला कर्रर्र आवाज आणि मशीन बंद. पट्ट्याचे दात गेले. आत लोखंडी आकडा! आप्पांनी नवऱ्याच्या लहानपणी झोपाळ्यासाठी ठोकलेला, झाडाने कधीच गिळून टाकलेला, बाहेरून गाठ पण दिसत नव्हती. लोखंडाभोवतीचं लाकूड शाईसारखं काळं पडलेलं. आप्पा तिथेच उभे होते, एकदम चूप. पट्ट्याचे 600 रुपये वेगळे लावले आणि त्यात माझी तक्रार नाही, चूक आमचीच. तुमचं झाड अंगणातलं असेल तर आधी आठवून बघा कुणी कुठे काय ठोकलंय, कपड्यांची दोरी, गुरं बांधायची कडी, काहीही. आकडा त्यांनी अर्धा कापलेला परत दिला, तो आता पोरांच्या घराच्या दाराला आहे, त्यावर चमचा आपटला की ती बेल.

आता आबांबद्दल. हे मशीनवर बसणारे जुने कारागीर. मी म्हटलं उन्हाळ्यात घर बांधायचंय, तर म्हणाले, ओल्या फळीचं घर बांधू नको बाय, पावसात फुगंल नि उन्हात वाकडं तोंड करंल. एका इंचाला एक वर्ष धर. फळ्यांच्या दोन्ही टोकांना ऑइलपेंट फासायचा म्हणजे चिरत नाहीत, आणि रचताना मधे रिपा (लाकडाच्या बारीक पट्ट्या) घालायच्या, हवा खेळली पाहिजे, वरून वजन. आम्ही माळ्यावर तसंच केलं, दोन वर्षं. सोळा फळ्यांतली एकच पिळली. एवढा सल्ला फुकट कोण देतं?

दुसरी खेप मे 2023 ला, वासे आणि खांब आणायला. तेव्हा आबा गावाला गेलेले. मालकाने सांगितलं सगळं ऐन (जड, टणक जंगली लाकूड) देतो, बिल पण ऐनाचं. घरी आणून उतरवताना आप्पांनी नखाने खरवडलं, आठातले दोन वासे आंब्याचे! ऐन उचलला तर हाताला कळतो, आणि हे हलके. शिवाय दीड इंची मागितलेले काही वासे दहाच सूत भरले, म्हणजे सव्वा इंच. फोन केला तर म्हणे पट्ट्यात जातं तेवढं. पट्ट्यात दोन सूत जातं? आणि गेलं तरी ते माझ्या मापातून का जावं? आंब्याचे दोन वासे बदलून दिले, पण भाडं आमचं. पक्कं बिल मागितलं म्हणून निदान बदलून तरी मिळाले, चिठ्ठीवर आणलं असतं तर विसरा.

घराबद्दल थोडं, कारण बरेच जण विचारतात किट का नाही मागवलं. ऑनलाइन प्लॅस्टिकची घरं मिळतात, आमच्याकडच्या पावसात टिकतील पण, मात्र मे महिन्यात आत भट्टी. आम्ही 6 बाय 5 फुटांचं केलं. खांब मातीत गाडले नाहीत, चार कोपऱ्यांना जांभ्याचे चिरे ठेवून त्यावर उभे केले आणि बुडाला डांबर. जमीन मातीपासून फूटभर वर. वर गोठ्याची जुनी मंगलोरी कौलं, सत्तरेक लागली, आणि त्यांचं वजन दीडशे किलोच्या वर जातं म्हणून वासे दणकट लागतात, मुलांचं घर म्हणून बारीक लाकूड घालू नका. रिपा पडलेल्या पोफळीच्या. लेकीने (तेव्हा 9 वर्षांची) पाण्याच्या नळीने लेव्हल धरली, धाकट्याने खिळे मोजले आणि त्यातले बरेच हरवले. स्क्रू स्टीलचे घ्या, साधे काळे पहिल्याच पावसात गंजले आणि फळीवर ओघळ आले. दार अजून खाली घासतं. नवरा म्हणतो उद्या रंधा मारतो, दोन पावसाळे झाले.

फळ्या मात्र टुणटुणीत, पिवळ्याच्या आता पिंगट झाल्यात. वाळवी चिऱ्यापर्यंत आली आणि परत गेली.

तर जायचं असेल तर सकाळी दहाच्या आत जा, नंतर लाइटचा भरवसा नाही, आणि आधी विचारा आबा आहेत का. नसतील तर चहा पिऊन परत या. टेप आपली न्या. कटाईसाठी बिनधास्त, तयार माल घेताना प्रत्येक वासा उचलून बघा. लहान मुलांना मशीनजवळ येऊ देत नाहीत ते चांगलं आहे, आमची दोघं बाहेर भुशाच्या ढिगात लोळत होती आणि दोन पोती भुसा घेऊन आली, त्याचे पैसे घेतले नाहीत.

तो भुसा घरात खाली पसरलाय. सध्या त्यावर खुडूक कोंबडी बसलीय, त्यामुळे पोरं बाहेर.