पगार खात्यात, एटीएम कार्ड ठेकेदाराच्या खिशात

चंदगडकडची जी पोरं गोव्यात बांधकामावर जाणार आहेत, त्यांनी हे वाचून मगच गाडीत बसावं.

कळंगुटजवळ एका हॉटेलच्या साइटवर मी लादीकामाला होतो. ठेकेदार आपल्याच बाजूचा. तिलारी घाटातून स्वतःच्या गाडीने घेऊन गेला. बोली रोज साडेसातशेची, राहणं-खाणं त्याच्याकडे. गेल्या गेल्या म्हापशात नेऊन सगळ्यांची बँक खाती उघडली. "सरकारी नियम आहे बाबांनो, पगार खात्यातच टाकावा लागतो." खात्याला जोडलेली नवी सिमं त्यानेच आणलेली आणि त्याच्याच सुपरवायझरकडे. एटीएम कार्डंही तिथेच, रबर लावून गड्डी केलेली, प्रत्येक पाकिटावर पेनाने पिन.

शनिवारी हातात पडायचे रोजाचे साडेचारशे. बाकीचे म्हणे पावसाळ्यात गावी जाताना एकदम. त्यातही खोलीभाडं आणि गॅस कापायचा, खाडा झाला तर दुप्पट. वरच्या मजल्यावर तीच लादी बसवणारे पेडण्याचे मिस्त्री हजार रुपये घ्यायचे, तेही संध्याकाळच्या संध्याकाळी. विचारलं तर उत्तर ठरलेलं: ते गोंयकार, तुम्ही घाटी.

तेव्हा १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा लागू होता. सारख्या कामाला स्थानिकाइतकाच पगार, प्रवासभत्ता, फोटो लावलेलं पासबुक, सगळं त्यात होतं. अट एवढीच की असे मजूर किमान पाच हवेत. आमच्या ठेकेदाराने आम्हाला भाऊ, मेहुणा, साडू यांच्या नावावर चार-चार करून वाटलेलं. साइट एकच असल्यावर ही पळवाट टिकायला नको, पण विचारतो कोण! २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्यांच्या जागी नव्या कामगार संहिता आल्या, त्यात तर हा आकडा दहा झालाय.

मे महिन्यात हिशोब मागितला तेव्हा त्याने शांतपणे रजिस्टर उघडलं. रोज हजार रुपये, दरमहा खात्यात जमा, पुढे माझीच सही. कोऱ्या रकान्यात "हजेरीची" म्हणून घेतलेली. कागदावर आम्ही पेडणेकरांच्या अगदी बरोबरीचे!

आधार घेऊन शाखेत गेलो आणि स्टेटमेंट छापून घेतलं. आणखी चौघांनी काढलं. कागद शेजारी-शेजारी ठेवले तर पगार जमा झाला त्याच दिवशी, एकाच एटीएममधून, मिनिटा-दोन मिनिटांच्या अंतराने पाची खाती रिकामी. भर दुपारी, आम्ही साइटवर असताना. त्याच वेळी सुपरवायझरला व्हॉट्सअॅपवर पाठवलेले लादीचे फोटो माझ्या फोनमध्ये होते, ते उपयोगी पडले.

हे सगळं घेऊन पणजीत पाटोवरच्या श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तालयात अर्ज दिला. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालकाला ती भरावी लागते, हे आम्हाला तिथे कळलं. हॉटेलच्या पात्रांवला, म्हणजे मालकाला, बोलावणं गेलं. "मी एकदा दिलेत," म्हणून तो चिडला, पण निम्म्याच्या आसपास देऊन तडजोड केली. उरलेल्यासाठी ठेकेदारावर पोलिसांत वेगळी तक्रार आहे.

साइटवरची झारखंडची पोरं आधीच गावी गेली होती, त्यांना छदाम मिळाला नाही. नव्या वेतन संहितेत दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. काम सुटलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशोब चुकता करायचा, असंही त्यात आहे.

ज्यांची कार्डं आत्ता दुसऱ्याकडे आहेत त्यांनी भांडत बसू नये. आधार घेऊन थेट शाखेत जा, कार्ड बंद करा, खात्याला स्वतःचा नंबर लावा आणि पहिल्या दिवसापासूनचं स्टेटमेंट मागा. ठेकेदाराला मग सांगा.