खांदेरीपुढे इंग्रज आणि सिद्दी

१६७९ मध्ये शिवाजी महाराजांचे आरमारी सरदार मायनाक भंडारी मुंबईच्या दक्षिणेला, अलिबागजवळच्या खांदेरी बेटावर तट उभारू लागले आणि मुंबईकर इंग्रजांच्या पोटात गोळा आला. त्यांनी जहाजं पाठवून नाकेबंदी केली. पण जड जहाजं वाऱ्याची मिंधी. वारा पडला की जागच्या जागी. मराठ्यांच्या उथळ बुडाच्या होड्या वल्ही मारत रातोरात रसद पोचवून पसार! इंग्रजांचं 'डव्ह' नावाचं जहाजसुद्धा त्यांनी पकडलं. १६८० मध्ये इंग्रजांनी समेट केला. व्यापाऱ्याचा हिशेब, दुसरं काय.

जंजिऱ्याच्या सिद्दीने भांडण सोडलं नाही. त्याने थेट शेजारची उंदेरी बळकावून तिथे तोफा चढवल्या. मला हीच चाल जास्त धूर्त वाटते. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली, पण उंदेरीचा मारा सोसत.