अरुबात उतरायचं कुठं: पाम बीचचे टॉवर की ईगल बीच?

अरुबा ठरलंय, सुट्ट्या मंजूर झाल्यात, आणि आता हॉटेलांच्या यादीपुढे बसून डोकं भणभणायला लागलंय, अशांसाठी हे लिहितोय. अरुबा की कान्कुन की पुंता काना, हा वाद इथे काढत नाही. एवढंच म्हणेन की सप्टेंबर-ऑक्टोबरात जेव्हा बाकीच्या कॅरिबियनमध्ये लोक हवामानखात्याकडे डोळे लावून बसलेले असतात, तेव्हा अरुबावाले निवांत असतात. बेट व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून जेमतेम तीस किलोमीटरवर आहे, आणि चक्रीवादळांची नेहमीची वाट त्याच्या बरीच उत्तरेने जाते. घरच्यांच्या रजा जुळवताना याची फार मदत होते.

बेटावरची जवळपास सगळी मोठी हॉटेलं पश्चिम किनाऱ्यावर, इरॉस्किन बुलेवार्ड या एकाच रस्त्याच्या कडेने आहेत. विमानतळाकडून निघालं की राजधानी ओरान्येस्टाड, मग ड्रूफ बीच, मग ईगल बीच आणि शेवटी पाम बीच. ईगलच्या बाजूला तिथले लोक 'लो-राइज' (बैठ्या इमारती) म्हणतात आणि पामच्या बाजूला 'हाय-राइज' (उंच टॉवर). टॅक्सीवाल्यालाही एवढं सांगितलं तरी पुरतं. या दोन भागांत गाडीने पाच-सात मिनिटांचं अंतर आहे, पण सुट्टी अगदी वेगळी होते. म्हणून माझं मत असं की आधी किनारा ठरवावा, हॉटेल मागाहून.

पाम बीचवर सगळी ओळखीची नावं आहेत. हिल्टन, हयात, मॅरियट, हॉलिडे इन, उत्तरेच्या टोकाला रिट्झ-कार्लटन. ऑल-इन्क्लुझिव्ह (खाणं-पिणं सगळं भाड्यातच) हवं असेल तर बार्सेलो आणि रिऊची दोन हॉटेलं. त्यातलं रिऊ पॅलेस अँटिल्लास फक्त प्रौढांसाठी आहे, मुलं बरोबर असतील तर ते आधीच यादीतून काढा. आज जिथे हिल्टन आहे तिथेच १९५९ साली बेटावरचं पहिलं मोठं रिसॉर्ट उभं राहिलं, आणि मग त्याच्या आजूबाजूला ही रांग वाढत गेली. खोल्या, तलाव, जिम, नाश्त्याचं बुफे यांबद्दल काही लिहीत नाही. या दर्जाच्या हॉटेलांत ते ठीकच असतं, आणि फोटो तुम्ही पाहिलेलेच असतील.

पामची खरी जमेची बाजू म्हणजे पाणी. अरुबावर वारा जवळजवळ वर्षभर पूर्वेकडून वाहतो. तो बेट ओलांडून पश्चिम किनाऱ्याकडून समुद्रात जातो, त्यामुळे पाम बीचवर लाटा अशा नसतातच. पाच वर्षांचं मूल कमरेएवढ्या पाण्यात बिनघोर खेळतं. फक्त हवा भरलेल्या गाद्या आणि फ्लोट यांपासून सावध राहा. वारा किनाऱ्याकडून आत ढकलतो, आणि डुलकी लागलेला माणूस बघता बघता दूर जातो.

संध्याकाळी तिथे चालत फिरता येतं, हाही मोठा फायदा. रस्त्यापलीकडे खाण्याच्या जागा, दुकानं, आइस्क्रीम, हॉटेलांतच कॅसिनो. किनाऱ्यावरच्या धक्क्यांवरून कॅटमरान सुटतात आणि 'अँटिला'च्या सांगाड्यावर स्नॉर्कलिंगला नेतात. हे जर्मन मालवाहू जहाज. मे १९४० मध्ये जर्मनीने हॉलंडवर हल्ला केला तेव्हा अरुबा डचांच्या ताब्यात होतं, म्हणून त्यांच्या हाती पडू नये यासाठी त्याच्या खलाशांनीच ते बुडवलं. सांगाडा उथळ पाण्यात आहे, वरून पोहतानाही दिसतो. मुलं तेरा-चौदाच्या पुढची असतील आणि 'बोअर होतंय' हा शब्द घरात वारंवार ऐकू येत असेल, तर पाम बीचला पर्याय नाही, हे मी मनापासून सांगतो.

आता मला जे खुपलं त्याबद्दल. कुणाला ते क्षुल्लक वाटेल, आणि कदाचित असेलही.

अरुबा साधारण साडेबारा अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे आपल्या म्हैसूरच्या आसपास. ऊन तसंच, पण वारा सतत असल्यामुळे ते जाणवत नाही, आणि संध्याकाळी आरशात पाहिलं की कळतं. बेट कोरडं आहे. निवडुंग आणि काटेरी झुडपं हे इथलं मूळचं रान. किनाऱ्यावरचे माड हॉटेलांनी लावलेले, त्यांची सावली पंख्याच्या पात्याएवढी. साधी छत्री रोवली तर वारा ती कधी उचलून नेईल सांगता येत नाही. त्यामुळे किनाऱ्यावर दिवस काढायचा तर एकच आसरा, पलापा. जमिनीत पक्का रोवलेला खांब आणि वर गवताचं शाकारलेलं गोल छत. पलापा मिळाला तर दिवस सोन्याचा. नाही मिळाला तर दहा वाजता खोलीत परत.

आणि टॉवर हॉटेलांचं गणित इथेच अडतं. खोल्या शेकड्यांनी, किनाऱ्याचा तुकडा मात्र हॉटेलाच्या रुंदीएवढा. पलापा मोजकेच बसतात. मग ते वाटायचे कसे? प्रत्येक हॉटेलाची तऱ्हा वेगळी: कुठे आदल्या दिवशी नोंदणी, कुठे भल्या पहाटे रांग, कुठे पुढच्या रांगेला वेगळे पैसे. आम्ही उतरलो होतो त्या हॉटेलात (नाव लिहीत नाही, कारण शेजारीपाजारीही फार वेगळं नव्हतं) पहाटेची रांग होती. आमच्याबरोबर आई-बाबा होते. बाबा सत्तरीपुढचे, पण पाचला उठायची सवय, त्यामुळे हे खातं त्यांनी हौसेने स्वतःकडे घेतलं. पहिल्या दिवशी गंमत वाटली. नंतर ते रांगेतून बातम्याही आणू लागले: बॉस्टनचे एक आजोबा दर वर्षी येतात, ते साडेचारलाच खुर्ची टाकून बसतात. पण सुट्टीवर आलेल्या माणसाला रात्री जेवताना 'उद्या किती वाजता उठायचं?' हा विचार करायला लागावा, हे काही मला पटलं नाही.

त्याहून वाईट म्हणजे पुढचा भाग. साडेसातला सगळे पलापा 'भरलेले', आणि खाली माणूस एकही नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसे टॉवेल, एखादं जाडजूड पुस्तक, चपलांचा जोड. धनी अकरापर्यंत उगवत नाहीत. हॉटेलच्या नियमांत टॉवेल उचलून टाकण्याची तरतूद असते, पण पाहुण्याचा टॉवेल उचलून त्याचा राग ओढवून घ्यायला कुठला कर्मचारी धजेल? काउंटरवर विचारलं की अतिशय गोड हसून 'उद्या लवकर या' म्हणतात. इतके पैसे मोजून आईला दुपारी लॉबीत बसावं लागलं, तिथे माझं मन पाम बीचवरून उडालं. सेवा चांगली होती, जेवण चांगलं होतं, पाणी तर निव्वळ काच. तरीही.

ईगल बीच आम्ही त्यानंतर केला. वाळूचा पट्टा इथे कितीतरी रुंद, इमारती बैठ्या, त्यामुळे माणशी जागा जास्त येते. बेटाच्या प्रत्येक पोस्टकार्डावर असतात ती वाऱ्याने एका बाजूला झुकलेली दोन झाडंही इथलीच. लोक त्यांना दिवी-दिवी म्हणतात, खरं तर ती फोफोती. मार्च ते सप्टेंबर या काळात लेदरबॅक कासवं या वाळूत अंडी घालायला येतात, तेव्हा घरट्यांभोवती कुंपण दिसेल. रात्री टॉर्च घेऊन तिकडे जाऊ नका.

सावलीचं काय? इथे स्वर्ग आहे असं मुळीच म्हणणार नाही. ईगलवरच्या हॉटेलांतही याद्या असतात, आणि ख्रिसमस ते एप्रिल या हंगामात चढाओढ असतेच. पण नऊ वाजता नाश्ता करून खाली गेलो तरी मागच्या रांगेत का होईना, छत मिळायचं. जेव्हा नाही मिळालं तेव्हा थोडं पुढे चालत गेलो. अरुबातला किनारा सार्वजनिक आहे, कुणाच्याही हॉटेलसमोर बसा, आणि ईगलवर छत्री-खुर्च्या भाड्याने देणारेही असतात. त्यांना छत्री वाऱ्यात कशी रोवायची ते कळतं. बाबांची रांगेतली नोकरी गेली. थोडे हिरमुसले, पण मग त्याच वेळेला पाण्याच्या कडेने लांबवर चालून यायला लागले.

लाटा पामपेक्षा थोड्या जास्त आहेत, हे मात्र खरं. अगदी लहान मूल असेल तर कुणीतरी सतत शेजारी हवं. आणि रात्री शांतता असते, म्हणजे काही जणांच्या भाषेत शुकशुकाट. जेवायला बाहेर जायचं तर बहुतेक वेळा टॅक्सी किंवा बस. ओरान्येस्टाड ते हॉटेलांचा पट्टा अशी अरुबसची बस नियमित असते, तिचा आम्हाला चांगला उपयोग झाला.

बुकिंग करताना एक बारीक गोष्ट बघा. 'ईगल बीच' असं लिहिलेली सगळी हॉटेलं किनाऱ्यावर नाहीत. ला कबाना, अ‍ॅमस्टरडॅम मॅनर आणि नवं एम्बसी स्वीट्स ही रस्त्याच्या अलीकडच्या बाजूला आहेत, म्हणजे वाळूवर जायला बुलेवार्ड ओलांडायचा. मांचेबो, बुकुटी अँड तारा आणि कोस्टा लिंडा ही थेट वाळूवर. बुकुटी नितांत सुंदर आहे पण फक्त प्रौढांसाठी, आणि या लेखाच्या हिशेबाने लहानच. कोस्टा लिंडात सगळे स्वीट, प्रत्येकाला स्वयंपाकघर, आणि घोळका घेऊन जाणाऱ्यांसाठी मला तेच बरं वाटतं.

स्वयंपाकघराचं महत्त्व आपल्या मंडळींना वेगळं सांगायला नको. आईचा पहाटेचा आल्याचा चहा झाला की पुढचा दिवस कसाही गेला तरी चालतो. ईगलच्या मागेच गाडीने काही मिनिटांवर मोठी सुपरमार्केटं आहेत, दूध-दही-भाज्या-फळं सगळं मिळतं. डच मालामुळे चीज तर काय विचारता. पोहे, चहापत्ती आणि मसाल्याचा डबा घरून न्या. नळाचं पाणी बिनदिक्कत प्या. समुद्राचं पाणी गोडं करण्याचा बालाशीचा कारखाना १९३२ पासून चालू आहे, आणि पाण्याची चव उत्तम. बाटल्यांवर पैसे घालवणारे पाहुणे पाहिले की मला वाईट वाटतं.

पामवरही स्वयंपाकघर मिळतं, नाही असं नाही. मॅरियटची टाइमशेअरवाली (लोक दर वर्षीचे ठरावीक आठवडे विकत घेतात अशी) दोन हॉटेलं आणि प्लाया लिंडा यांत ती सोय आहे. पण मग सावलीचा प्रश्न परत तोच.

ऑल-इन्क्लुझिव्हबद्दल माझं मत जरा तिखट आहे. दारू न घेणारं, मासे-मटण न खाणारं जोडपं तिथे दुसऱ्यांच्या रमचं आणि झिंग्याचं बिल भरतं. शाकाहारी माणसाला पहिल्या दिवशी पास्ता, दुसऱ्या दिवशी पास्ता, तिसऱ्या दिवशी 'शेफना सांगतो' आणि पुन्हा पास्ता. त्यापेक्षा बाहेर पडून पान बाती (जाडसर पोळीसारखी), फुंची (मक्याच्या पिठाची), चीजचं पास्तेची (तळलेली करंजीसारखी) असं तिथलं काही खाऊन बघता येतं. केशी येना हा त्यांचा प्रसिद्ध पदार्थ, पण चीजच्या आत बहुधा चिकन असतं, विचारून घ्या.

तरीही रोज पाकीट काढायचा कंटाळा असेल, तर ड्रूफ बीचवरचं टॅमरिन बघा. दोन मजली बैठ्या इमारती, प्रत्येक खोली समुद्राकडे तोंड करून, आणि शेजारच्या दिवी हॉटेलातही टॅमरिनचीच मनगटावरची पाहुण्यांची पट्टी दाखवून जाता येतं. गुडघे दुखणारं कुणी असेल तर तळमजला आधीच मागून ठेवा. किनारा तिथे अरुंद आहे, पण वृद्ध माणसाला पलंगावरून उठून वीस पावलांत पाणी गाठता येतं, याची सर टॉवरच्या बाराव्या मजल्यावरच्या देखाव्याला येत नाही. ऑल-इन्क्लुझिव्हच घ्यायचं तर मी ते घेईन.

भावांचं म्हणाल तर ते आठवड्यागणिक हलतात, त्यामुळे आकडे देत नाही. तुलना करताना रिसॉर्ट फी आणि कर धरून करा. टॉवर आणि बैठं हॉटेल यांच्यात सुरुवातीला दिसणारा फरक त्यानंतर बराच बदलतो. शनिवारी परतणं शक्यतो टाळा. टाइमशेअरचे आठवडे बहुतेक करून शनिवारी संपतात, आणि अमेरिकेत जाणाऱ्यांचं इमिग्रेशन अरुबाच्या विमानतळावरच उरकतं, त्यामुळे रांग फार लांब होते.

हॉटेल कुठलंही निवडा, पैसे भरण्याआधी त्यांना ईमेलने एवढं विचारा: पलापा कसे वाटता, किती वाजता, त्याचे वेगळे पैसे आहेत का, आणि रिकामा टॉवेल किती वेळाने उचलता? चारही प्रश्नांची नीट उत्तरं आली तर पाम बीचलासुद्धा खुशाल जा. 'पाहुण्यांच्या सोयीसाठी आम्ही सदैव तत्पर आहोत' एवढंच उत्तर आलं, तर ईगल बीचची पानं उघडा.