ई-एपिक, म्हणजे मोबाईलवरचं मतदार कार्ड : तितूरकाठच्या माणसाचा अभिप्राय

मी जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक, चाळीसगाव तालुक्यातला. नोकरीत बरीच वर्षं बीएलओचं, म्हणजे गावातली मतदार यादी सांभाळणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं कामही केलं, त्यामुळे मतदार कार्डाची अडचण आली की लोक अजून माझ्याच ओट्यावर येतात.

३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरी दोन्ही नद्यांना पूर आला. घरंदुकानं पाण्याखाली गेली, दावणीची गुरं वाहून गेली. पाणी ओसरल्यावर शेजारची आजी आली. "मास्तर, कार्ड पुरमा वाही गयं. आते मत कसं देवानं?" घरात चूल पेटायची होती, आणि तिला मताची काळजी होती.

कार्ड गेलं म्हणून मत जात नाही, हे आधी पक्कं समजून घ्या. मतदार यादीत नाव आहे तोवर मत आहे. आधार, पॅन, मनरेगाचं जॉबकार्ड, बँकेचं किंवा पोस्टाचं फोटो असलेलं पासबुक अशी बारा पर्यायी ओळखपत्रं केंद्रावर चालतात. पण आमच्याकडे हे सगळं एकाच पत्र्याच्या पेटीत असतं. पेटी वाहून गेली की पर्यायही गेले. म्हणून ई-एपिकचं मोल शहरापेक्षा नदीकाठच्या गावाला जास्त.

ही सेवा २५ जानेवारी २०२१ ला, राष्ट्रीय मतदार दिनी सुरू झाली. निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर कार्ड क्रमांक टाकायचा, मोबाईलवर ओटीपी येतो, आणि क्यूआर कोड असलेलं कार्ड पीडीएफमध्ये उतरतं. त्यात खाडाखोड करता येत नाही. डिजिलॉकरमध्ये ठेवा किंवा छापून लॅमिनेट करून घ्या, दोन्ही चालतं. फोन पाण्यात गेला तरी दुसऱ्या फोनवर पुन्हा उतरवता येतं, हे मला सगळ्यात आवडलं.

अडतं कुठे, तर मोबाईल नंबरापाशी. तो यादीत नोंदलेला हवा. गावातल्या म्हाताऱ्या बायांचा स्वतःचा नंबर नसतो, आणि पोरगा सिम बदलतो तेव्हा यादीतला नंबर बदलायचं कुणाच्या ध्यानात येत नाही. ज्यांचं घर नदीच्या अगदी अंगावर आहे, त्यांनाच ही सेवा सगळ्यात उशिरा पोचते. याचं मला फार वाईट वाटतं. उपाय अवघड नाही. २०२२ पासून दुरुस्ती, पत्ता बदल आणि हरवलेल्या कार्डाऐवजी नवं कार्ड हे सगळं नमुना ८ या एकाच अर्जात होतं. मग पूर ओसरल्यावर तलाठी पंचनाम्याला येतो, तेव्हा बीएलओनेही नमुना ८ घेऊन त्याच गल्लीतून फिरावं. निवडणूक सुधारणांच्या चर्चेत हा मुद्दा यायलाच हवा.

आणखी एक. पुरानंतर काही घरं नातेवाइकांकडे किंवा शाळेत राहायला जातात. 'इथे राहत नाही' म्हणून आपलं नाव कापतील, अशी त्यांना धास्ती असते. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २० स्पष्ट सांगतं, की तात्पुरतं बाहेर राहिल्याने माणूस त्या जागेचा रहिवासी राहत नाही असं होत नाही. कुणी नाव वगळण्यासाठी नमुना ७ भरला, तर तुमचं म्हणणं मांडायचा हक्क तुम्हाला आहे. तो सोडू नका.

पाचपैकी चार तारे. एक तारा नंबराच्या अटीसाठी कापला.

आमच्याकडे ऑगस्ट उतरला तरी पुराचा भरवसा नसतो, तेव्हा हे काम पावसाळ्याआधी उरका. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, शिकलेली पोरं गावात येतात. त्यांना बसवा, आजीचा नंबर यादीत आहे का ते बघायला लावा आणि नसेल तर तिथेच नमुना ८ भरून घ्या.