फुकटच्या पॉलिशची किंमत

गुहागरला माहेरी, परसात फणसाच्या सावलीला, पोरांसाठी खांबांवरचं खेळघर बांधायचं ठरलं. जमिनीपासून पाच फूट उंच, वर पत्रा, बाजूला शिडी. आम्ही पुण्यात, त्यामुळे देखरेख सगळी व्हॉट्सॲपवरच्या फोटोंतून. ओळखीतून आलेल्या ठेकेदाराने नमुन्याचा तुकडा आणला, त्यावर रंधा मारून आबांना वास घ्यायला लावला. "साग आहे गो, मी ओळखतो," आबा फोनवर म्हणाले. तो तुकडा सागाचाच होता.

मग म्हणाला, पॉलिशचे दोन हात फुकटात मारून आणतो. फुकट म्हटल्यावर आम्ही खूश! माल आला तो काळपट तपकिरी रंगवूनच. त्या रंगाखाली खांब सागाचे होते, पण बाहेरच्या पांढऱ्या लाकडाचे. वाळवीला दाद देत नाही तो गाभा, हे लाकूड ती आवडीने खाते. आडव्या पट्ट्या तर साग नव्हत्याच. शिवाय माप. चार बाय चार इंचांचा नऊ फुटी खांब म्हणजे बरोबर १ घनफूट. चार खांबांचे ४ घनफुटांचे पैसे घेतले. पुढे टेप लावली तर खांब साडेतीन बाय साडेतीनचे, म्हणजे जेमतेम पाऊण घनफूट. रंध्यात थोडं जातं, मान्य. पण अर्धा इंच?

खालच्या प्लायवर ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा शिक्का होता. पहिल्याच पावसात कोपरे फुगले. आईने एक तुकडा चुलीवर उकळत ठेवला, दोन तासांत पापुद्रे सुटले. खऱ्या मरीन प्लायची चाचणी ७२ तास उकळून करतात.

पैशांचं एक वेळ सोडा. कठड्याला नटबोल्ट ठरले होते, निघाले नुसते खिळे. माझी सात वर्षांची लेक त्याच कठड्याला रेलून बसायची.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करायचं मनात आलं. पण दाखवायला काय होतं? वहीच्या पानावर लिहिलेलं 'खेळघर, पूर्ण काम' आणि खाली रक्कम. त्यातले बरेच पैसे आगाऊ गेलेले.

असं काम काढणार असाल तर लाकूड बिनरंगाचं दारात उतरवून घ्या. टोकांवर पांढरं लाकूड किती ते बघा, टेप लावा, मगच पुढचा हप्ता द्या. पॉलिश डोळ्यांदेखत मारू दे. आणि बिलावर लाकडाची जात नि माप लिहून घ्या.

खेळघर आम्ही उतरवलं. शिडी तेवढी अस्सल सागाची निघाली. तिच्यावर आईने दुधीचा वेल चढवलाय.