गंगापूर रोडचा जपानी क्लास: आलं-लसणापासून सुरुवात

नाशिकला गंगापूर रोडवर एका बंगल्यात शनिवार-रविवार जपानीचा एन५ चा (जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची सगळ्यात सोपी पातळी) क्लास चालतो, बरेच जण विचारतायत म्हणून लिहितेय. मला तरी खूप आवडला. सेन्सेई, म्हणजे शिक्षक, सुरुवातच स्वयंपाकघरातून करतात, टेबलावर खरं आलं, लसूण, कांदा मांडलेला असतो आणि बोट दाखवून विचारतात 'कोरे वा नान देस का', म्हणजे हे काय आहे, की आपण म्हणायचं 'शोओगा देस'. आलं शोओगा, लसूण निन्निकु, कांदा तामानेगी, हळद उकोन, मीठ शिओ, आणि द्राक्षं बुदोओ, हा शब्द नाशिककराला यायलाच पाहिजे ना!

आल्यावर तर जवळजवळ अख्खा तास गेला. सुशीबरोबर आंबटगोड पातळ काप येतात ते गारी, याकिसोबावर (परतलेल्या नूडल्स) लाल लोणचं घालतात ते बेनी शोओगा, आणि सर्दी झाली की गरम पाण्यात आलं आणि मध वगैरे घालून पितात ते शोओगायु. त्यातला यु म्हणजे गरम पाणी, साधं पाणी मिझु पण तापवलं की ओयु, शब्दच बदलतो. तसंच कच्चा तो कोमे आणि शिजला की गोहान, आपल्याकडे तांदूळ-भात आहेच त्यामुळे वर्गात कुणी अडलं नाही. क्रियापदही शेवटी येतं, 'शोओगा ओ कुदासाई', आलं द्या, आणि ओ, नि, दे हे शब्दामागे आपल्या प्रत्ययांसारखे लागतात, सेन्सेई मराठीतून शिकवतात त्याचा इथे खरा फायदा होतो.

नोट्स मात्र सुधारायला हव्यात. सगळ्या देवनागरीत आहेत आणि लांब ओ कुठेच दाखवलेला नाही, शोओगाचं सरळ शोगा छापलंय. जपानीत ह्याने अर्थ बदलतो हो, ओबासान म्हणजे काकू-मावशी आणि ओबाआसान म्हणजे आजी, परीक्षेत लिसनिंगला मार्क जातील. त्यामुळे जॉईन करणार असाल तर हिरागाना या जपानी लिपीची ४६ अक्षरं आधीच घरी पाठ करून जा, मग नोट्सवर अवलंबून राहावं लागत नाही.

जेएलपीटीत बोलायची परीक्षा नसते तरी इथे प्रत्येकाला बोलायला लावतात, हे मला फार पटलं. परीक्षा जुलै आणि डिसेंबरला असते, आपल्याला सेंटर पुणे जवळ पडतं. सकाळची बॅच घ्या, संध्याकाळी तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही.