क्यूबिटटोरंट आणि घरचा राउटर: आठ महिने वापरल्यावर

मांडणी अशी: ५० एमबीपीएसचा फायबर प्लॅन, नेटवाल्याने बसवून दिलेला ओएनटी-राउटर (फायबर ज्यात येते तो डबा), घरात एका वेळी आठ-दहा उपकरणं आणि एका पीसीवर क्यूबिटटोरंट (टोरंट, म्हणजे अनेकांच्या पीसींवरून तुकड्यातुकड्याने फायली उतरवणारं सॉफ्टवेअर), आवृत्ती आधी ४.६ आणि नंतर ५.०. काम ठरलेलं: लिनक्सच्या आयएसओ (लिनक्स बसवायच्या फायली), इंटरनेट अर्काइव्हवरचे मोठे संग्रह, किविक्सच्या (नेटशिवाय वाचायच्या) विकिपीडिया फायली आणि उतरवलेलं परत सीड करणं, म्हणजे इतरांसाठी अपलोड करत राहणं. सॉफ्टवेअर फुकट, मुक्तस्रोत, जाहिरात एकही नाही. पण आहे तसं बसवून सोडून दिलं, तर साध्या राउटरवर घरादाराचं नेट बंद पाडतं. बाकी खुब्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून इथे मुख्यतः याच दुखण्याबद्दल.

आधी डब्याचे दिवे बघा. एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) दिवा लाल असेल, तर फायबर तुटली आहे किंवा वाकली आहे. टोरंटवर खापर फोडू नका, तक्रार नोंदवा. दिवे सगळे हिरवे, वायफायची रेंज फुल आणि तरीही साइट उघडत नाही, असं असेल तर पुढे वाचा.

यात दोन वेगवेगळे आजार आहेत. वरून दोन्ही सारखेच दिसतात, औषध मात्र वेगळं. ओळखायला पीसी केबलने जोडा, म्हणजे वायफायचा संशय मिटेल. कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरला (बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१) सतत पिंग लावा, म्हणजे उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी कमांड; दुसरीत ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला. सतत चालू राहायला पिंगपुढे -t लागतं. आता टोरंट सुरू करा आणि नेट अडकायची वाट बघा.

८.८.८.८ चं पिंग १० मिलिसेकंदांवरून चढत चढत ३००, ७००, हजारावर गेलं आणि मधूनच 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' यायला लागलं, तर अपलोड तुंबलाय. पण पिंग निवांत १०-१२ वर चालू आहे, आधीपासून सुरू असलेला व्हॉट्सॲप कॉलही चालू आहे, फक्त नवीन काहीच उघडत नाही? तिसरी खिडकी उघडून आधी न वापरलेल्या पत्त्याला, समजा ९.९.९.९ ला, पिंग करून बघा. ते गेलं नाही, तर राउटरचं नॅट टेबल, म्हणजे घरातल्या उपकरणांच्या चालू जोडण्यांची नोंदवही, भरलंय. जुन्या जोडण्यांची नोंद टेबलात असल्यामुळे त्या चालतात. नव्यांना जागाच नसते. ब्राउझर अशा वेळी बहुधा डीएनएसच्या (साइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेच्या) नावाने ओरडतो, कारण पहिला अडतो तो डीएनएसचाच प्रश्न. लोक मग डीएनएस बदलतात, सोबत राउटरही बंद-चालू करतात, आणि गुण आला तो डीएनएसमुळे असं छातीठोकपणे सांगत फिरतात.

टेबल भरतं कसं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण सरसकट दिला जाणारा सल्ला, 'कनेक्शन ५०० वरून कमी करा', बरोबर असला तरी अर्धाच आहे. ५०० जोडण्यांच्या ५०० नोंदी होतात. जुन्या स्वस्त डब्यातलं २०४८ किंवा ४०९६ नोंदींचं टेबलही तेवढ्याने भरत नाही. भरतं ते न जुळलेल्या जोडण्यांनी. क्यूबिटटोरंट मुळात सेकंदाला ३० नवीन जोडण्यांचा प्रयत्न करू शकतं. गर्दीच्या टोरंटमध्ये पीअरच्या (तीच फाइल देणाऱ्या-घेणाऱ्या इतर पीसींच्या) यादीतले कितीतरी पत्ते मेलेले असतात. पीसी बंद असतो, नाहीतर फायरवॉल आडवी येते. उत्तर आलं नाही तर सॉफ्टवेअर साधारण १५ सेकंदांत नाद सोडतं आणि पुढच्या पत्त्याकडे वळतं. आत लिनक्सच असलेला राउटर मात्र त्याच्या मूळ नियमाप्रमाणे अशा अर्धवट टीसीपी नोंदीसाठी (टीसीपी आणि यूडीपी या नेटवर डेटा पाठवायच्या दोन पद्धती) १२० सेकंद थांबतो. ३० गुणिले १२०, म्हणजे ३६०० नोंदी, त्याही एकही बाइट न उतरवता. वर डीएचटीचे (ट्रॅकरशिवाय पीअर शोधायच्या सोयीचे) यूडीपी पत्ते आणि ट्रॅकर (पीअरची यादी देणारे सर्व्हर). नवीन टोरंट टाकल्यावर पहिल्या दोन-तीन मिनिटांतच नेट का जातं, ते यात आलं.

जुळलेल्या जोडणीचा हिशेब आणखी वाईट. समोरच्याने निरोप न घेता पीसी बंद केला, तर मूळ लिनक्समध्ये तिची नोंद ४,३२,००० सेकंद, म्हणजे चक्क पाच दिवस राहू शकते. बरेच राउटरवाले हा आकडा कमी करतात, सगळे नाही. म्हणूनच टोरंट बंद करूनही नेट लगेच परत येत नाही, डबा बंद-चालू केला की येतं, आणि टेक्निशियन 'डबा खराब आहे' म्हणून बदलून देऊन जातो.

पीसीवरच्या जोडण्यांची यादी देणारी नेटस्टॅट ही कमांड इथे फारशी उपयोगी नाही. ती टीसीपी जोडण्या दाखवते. µटीपी (टोरंटची यूडीपीवरून डेटा पाठवायची पद्धत) आणि डीएचटी मात्र पीसीच्या एकाच यूडीपी पोर्टवरून शेकडो पत्त्यांशी बोलतात. पीसीवर एक ओळ, राउटरवर शेकडो नोंदी.

सगळे बदल टूल्स > ऑप्शन्समध्ये आहेत. पहिला बदल शोधून काढावा लागतो: ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये खाली 'आउटगोइंग कनेक्शन्स पर सेकंद', ३० चे ८ करा. मग कनेक्शन टॅबमध्ये एकूण ५०० चे १५० आणि दर टोरंटमागे १०० चे ४०. बिटटोरंट टॅबमध्ये क्यूइंग चालू ठेवा: डाउनलोड २, अपलोड ३, एकूण ४. एवढ्यावर भागलं नाही तर एकूण १०० वर या. तरीही नाही, तर शेवटी डीएचटी बंद करा; मात्र मग ज्या मॅग्नेट लिंकमध्ये (टोरंट फाइलऐवजी वापरायच्या दुव्यात) ट्रॅकर नाही, ती हलणार नाही. बदल केल्यावर राउटर एकदा बंद-चालू करा, नाहीतर जुन्या नोंदींसकट परीक्षा घ्याल आणि सेटिंगला नापास कराल.

यामुळे वेग पडेल ही भीती फुकटची. चांगले वीस-पंचवीस पीअर ५० एमबीपीएस सहज भरून काढतात. लोकप्रिय लिनक्स आयएसओ १५० जोडण्यांतही पूर्ण वेगाने उतरते. फरक पडतो तो फक्त सुरुवातीला वेग धरायला, तोही अर्ध्या-एक मिनिटाचा.

दुसरा आजार, तुंबलेला अपलोड, त्या मानाने सरळ आहे. अपलोड काठोकाठ भरला की राउटरच्या बफरमध्ये रांग लागते, डाउनलोडच्या पोचपावत्याही त्याच रांगेत अडकतात आणि सगळंच मंदावतं. खरा अपलोड वेग रात्रीच्या गर्दीच्या वेळी मोजा, जाहिरातीतला धरू नका. त्याच्या ८० टक्के मर्यादा लावायची. लोक चुकतात ते एककात: प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, क्यूबिटटोरंट किबिबाइट मागतं. ५० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला सुमारे ६१०० किबिबाइट, त्याचे ८० टक्के म्हणून स्पीड टॅबमध्ये अपलोडला ४८८० लिहा. अपलोड १० चाच असेल तर ९७५. तिथे ५० टाकून 'वेगच येत नाही' म्हणणारे कमी नाहीत. शून्य म्हणजे मर्यादा नाही, हेही लक्षात असू द्या. खाली µटीपी आणि ट्रान्सपोर्ट ओव्हरहेड यांनाही मर्यादा लावायच्या खुणा आहेत, दोन्ही करा. µटीपी स्वतःहून मागे सरतं हे खरं, पण त्याचं लक्ष्यच १०० मिलिसेकंद विलंबाचं आहे. व्हिडिओ कॉलला तेवढंही खुपतं. 'अल्टरनेटिव्ह रेट लिमिट्स'चं वेळापत्रक सकाळी ९ ते रात्री ११ लावलं की दिवसा कमी, रात्री मोकळं, आणि रोज हात लावायला नको. आठ महिन्यांत सर्वात जास्त कामाला आलेली सोय हीच.

पोर्ट फॉरवर्डिंगच्या (बाहेरून येणाऱ्या जोडण्या पीसीकडे वळवायच्या सेटिंगच्या) मागे लागण्यापूर्वी राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या नेटच्या बाजूचा, पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी काही असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे (कंपनी एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटते, त्या व्यवस्थेमागे) आहात आणि पोर्ट उघडण्याचा काही उपयोग नाही. राउटरचे पोर्ट आपोआप उघडणारी यूपीएनपीही बंद करून टाका. डाउनलोड तसंही चालतं, सीडिंग तेवढं थंड पडतं. आणि महिन्याला ३.३ टीबीची मर्यादा असलेल्या प्लॅनवर सीडिंगचा डेटाही मोजला जातो. विसाव्या-बाविसाव्या दिवशी नेट अचानक रांगायला लागलं, तर आधी कंपनीच्या ॲपमध्ये वापर बघा.

तक्रारी? टेबल भरल्याचा संशय यावा एवढंही हे सॉफ्टवेअर सांगत नाही. एका दुखण्याच्या गोळ्या चार टॅबमध्ये पसरलेल्या आहेत, आणि ॲडव्हान्स्डची यादी तर कपाळाला हात लावायला लावते. ५.० मध्ये 'पॉज'चं नाव 'स्टॉप' केलं, त्याचा गोंधळ अजून होतो. लिबटोरंट (क्यूबिटटोरंटच्या आतलं इंजिन) २.० वर बांधलेली आवृत्ती विंडोजवर रॅम खाताना दिसते, १.२ वाली घेतली की ते थांबतं.

कंपनी डबा ब्रिज मोडमध्ये (राउटरचं काम बंद करून नुसतं नेट पुढे देणाऱ्या मोडमध्ये) टाकून देत असेल, तर पुढे ओपनडब्ल्यूआरटीचा (राउटरसाठीच्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा) राउटर लावणं हा पक्का उपाय. त्याच्या स्टेटस पानावर 'ॲक्टिव्ह कनेक्शन्स ६४० / १६३८४' असा आकडा समोर दिसतो, अंदाजाची गरजच उरत नाही. त्यातल्या एसक्यूएममध्ये (रांग आवरायच्या सोयीत) केक नावाची पद्धत लावली की अपलोडचं तुंबणंही जातं. आणि घरात दुसऱ्या लॅपटॉपवर किंवा फोनवरही टोरंट चालत असेल, तर वरचे १५० आणि ८ हे आकडे सगळ्यांत वाटून द्या. राउटरचं टेबल एकच आहे.